येथे कापावे

शुक्रवारी तिसऱ्या तासाला मी सूचना टाइप करायला घेते.
पालकांस कळविण्यात येते की —
कोण कळवतं, ते त्यात नसतं.
शिवडीच्या या शाळेत एकवीस वर्षं
माझी सगळी वाक्यं कर्त्यावाचून उभी आहेत.

टाकी धुण्याचे काम असल्याने मंगळवारी पाणी घरून आणावे.
आठवी अ आणि आठवी ब सोमवारपासून एकत्र भरतील.
एकत्र म्हणजे एकतीस.
एकेका बाकावर तिघं दाटीनं बसायची
ते दिवस सूचनेत येत नाहीत.
सापडलेल्या वस्तू: एक डावा बूट, दोन कंपासपेट्या,
स्टीलचा एक डबा, घासून ठेवला आहे.
'घासून ठेवला आहे' मुख्याध्यापकांनी खोडलं.
मी पुन्हा घातलं.

नववीची सहल कर्नाळ्याला, पक्षी बघायला.
सहाशे पन्नास रुपये.
आमच्या गच्चीवरून खाडीतले रोहित दिसतात, फुकट,
पण गच्चीला सहल म्हणता येत नाही.
खाली टिंबांची रेघ, रेघेवर छापलेलं: येथे कापावे.
रेघेखाली होय किंवा नाही, आणि पालकाची सही.

लोक होय-नाहीवर थांबत नाहीत.
'पुढे बसवा, उलट्या होतात.'
'मागच्या सहलीचे चाळीस रुपये अजून यायचे आहेत.'
'होय. मोबाईल आणेल, काढून घ्या.'
आणि एका चिठ्ठीवर, बारीक अक्षरात:
'पाठवू शकत नाही.
पण दीक्षिताला आम्ही नाही म्हटलं असं सांगू नका.
जागा भरल्या असं छापून द्या.
— सौ. घाडीगावकर'

बसमध्ये अकरा जागा रिकाम्या होत्या.
मी पुढच्या शुक्रवारी टाइप केलं:
सहलीच्या सर्व जागा भरल्या आहेत.
माझं पहिलं खोटं वाक्य,
आणि पहिलंच, ज्याचा कर्ता मला ठाऊक होता.

शनिवारी शाळा सुटता सुटता एक बाई आली,
पोळी-भाजी केंद्रातून तशीच, मनगटाला वाळलेलं पीठ.
धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत पैसे.
"जागा भरल्या म्हणे. पोरीनं कागद दाखवला.
पण कुणी आजारीबिजारी पडलंच तर?
ठेवून जाते. नाहीच जमलं तर
परीक्षेच्या फीमध्ये धरा."
नोटा तिनं दोनदा मोजल्या, मी एकदा.
पावतीच्या स्थळप्रतीवर तिनं सही केली:
मोठी, गोल, रेघेबाहेर सांडलेली,
'घा'चा काना पार खालच्या ओळीत.

चिठ्ठीवरचं अक्षर हे नव्हतं.

ती गेल्यावर मी सवलतीच्या अर्जांची फाइल काढली.
दीक्षिता घाडीगावकर, नववी ब, अर्ज स्वतः भरलेला.
त्याच डावीकडे कललेल्या मात्रा,
कागद पुरवून वापरल्यासारखी तीच बारीक अक्षरं.
शिस्तीच्या वहीत खोट्या सहीसाठी वेगळा रकाना आहे.
वही कपाटात होती. कपाट मी उघडलं नाही.
खोटं तर मीही छापलं होतं,
शाळेच्या शिक्क्यासकट.

सोमवारी फलकावर शुद्धिपत्रक लागलं:
सहलीची एक जागा रिकामी झाली आहे.
मुख्याध्यापक म्हणाले, "एकच? अकरा आहेत ना?"
म्हटलं, "सर, आत्ता एकच."

मधल्या सुट्टीत ती फलकासमोर उभी होती.
वाचून झालं तरी उभी होती.
मग मान वळवून तिनं ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं
आणि मी घाईघाईनं
आधीच लावलेला कागद पुन्हा प्रिंटरमध्ये लावू लागले.

घंटा झाल्यावर खण ओढला.
'नाही' आलेल्या चिठ्ठ्या, रबरबँड लावलेल्या.
तिची काढून ठेवली. उरल्या दहा.
टेबलावर पसरल्या, चष्मा पुसला,
आणि एकेक अक्षर बघत बसले.