हौदा

दाभोळहून येताना झड लागली,
सुकटीची सहा पोती खालून भिजली.
ताडपत्री शाबूत, दोर घट्ट.
मग पाणी शिरलं कुठून?

शुक्रवारी हौद्यात उताणा पडलो,
वर ताडपत्री, आत काळोख, माशांचा जुना वास.
रुखसाना बाहेरून बादल्या ओतत होती.
"दिसलं का?"
पाणी नाही, उजेड दिसला
फाळक्याच्या बिजागरीशी,
मोहरीएवढा.

तिथे एमसील लावलं.
उरलं ते तळातल्या चार भोकांत कोंबलं,
वाया कशाला घालवा.

मंगळवारी हर्णैहून बर्फात सुरमई भरली.
दापोलीच्या चढावर गाडी डुचमळू लागली.
उतरून पाहतो तर
मासे परत पोहायच्या तयारीत.

गॅरेजवाला दळी हसला नाही.
नुसता खिळा दिला हातात,
आणि हातोडा.