घ आणि ध

उजेडाचा फळा आला
केरीच्या रस्त्याने, टेम्पोत, गादीत गुंडाळून.
अर्जावर पहिली सही माझीच होती.
ऊन पडलं की त्याच्यावरचं गणित पुसट व्हायचं
म्हणून खिडक्यांना निळे पडदे शिवले.
फणसाचं झाड बाहेर राहिलं.

चौथीतली सुहिता माजिक
घरचं धर करायची,
घामाचा धाम.
मी लाल शाईने कापत गेले.
समासात लिहिलं, लक्ष कुठे असतं?

लक्ष तिथेच होतं.
एकदा घड्याळ लावून बघितलं,
मिनिटभरात तिची पापणी
चारदा लवली.
मधल्या सुट्टीत चिंचोके खेळताना
मोजता मोजता मीच चुकले.

दुपारी ती कपाळ दाबून बसायची.
आईने मीठमिरच्या ओवाळून
दृष्ट काढली.
वाळपईच्या डॉक्टरांनी नंबर काढला.
दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा.
म्हणाले, मागच्या बाकावरच्यांनाही घेऊन या.

आता दर अर्ध्या तासाला
मी पडदे सरकवते. फळ्याचं तोंड फिकं पडतं.
"धरणाच्या भिंतीवरचे बगळे मोजा रे."
पोरं ओरडतात, नऊ!
सुहिता म्हणते, सात.
चष्मा बुधवारी यायचाय.
मी म्हणते, सातही असतील.
एक पोरगा हसतो,
त्याच्याकडे मी बघते, तो गप्प होतो.

काल तिच्या वह्या घरी आणल्या.
सगळे ध पुन्हा वाचले, सावकाश,
चष्मा काढून.
समासातल्या त्या प्रश्नाखाली
उत्तराला जागाच सोडली नव्हती मी.