सतरा

स्वान्सीच्या उतारावर, लाल दिव्यापाशी,
पाय जागचा हलला नव्हता, तरी पेडल खाली गेलं,
सावकाश, पेंगणाऱ्याची मान कलते तसं.

ग्लेनिसनं गाडीखाली पुठ्ठा अंथरला. कोरडा.
चाकांच्या आत टॉर्च मारला. कोरडं.
ब्रेक ऑइल खुणेवर.
“दाब. धरून ठेव. बोलू नकोस.”
मी आकडे मोजत राहिले, मराठीतच;
सतराला तळ लागला.

“गळत नाहीये कुठं. मास्टर सिलिंडर
दाब आतल्या आत सोडून देतोय.
कधीपासून?”
ऑक्टोबर, मी म्हटलं.
दोनदा दाबलं की धरायचं,
म्हणून भागवत होते.

तिनं मागच्या सीटकडं पाहिलं,
पट्ट्यांत अडकलेला एवढासा मोजा,
आणि किल्ली
स्वतःच्या खिशात टाकली.