होडीचं औषध

आधी चटई ओली लागायची, मग कुजली.
उचलली, तर खाली पत्रा नव्हता,
धोपाव्याचा रस्ता होता,
चाळिसाच्या वेगानं मागे पळणारा.
साईल म्हणाला, काकी, पेट्रोल संपलं तर पायानं ढकलता येईल.
त्याला हसू आलं. मला नाही.

अकरा वर्षं या व्हॅनमधून बर्फ आणि मासळी,
थर्माकोलच्या पेट्या, आणि पेट्यांतून गळणारं
ते खारट, गुलाबी पाणी.
समुद्र बाहेरून खातो म्हणतात.
आमच्या गाडीला त्यानं आतून खाल्लं.

चिपळूणचा गॅरेजवाला म्हणाला, तळ कापावा लागेल,
वीस हजार, आणि गाडी आठ दिवस इथेच.
आठ दिवस मासळी थांबते का?
ह्यांचा ट्रॉलरवरून फोन, अर्धे शब्द, अर्धा वारा:
"भंगारात... किलोवर... घाल."
म्हटलं, ऐकू येत नाही.
येत होतं.

मग बशीरभाई होडेकरांच्या शेडमध्ये नेली.
ते होड्यांना फायबर चढवतात.
टॉर्च दातात धरून खाली शिरले,
वैद्यानं पोट दाबावं तसं जागोजाग दाबलं.
"होडी असती तर एका दिवसाचं काम."
"मग होडीच समजा."

गंज मीच खरवडला, कालवं फोडायच्या कोयतीनं.
तांबडी पूड नखांत बसली,
तीन दिवस भात कालवताना दिसायची.
मॅट कापली ब्लाउजच्या कात्रीनं. कात्री गेली, ते वेगळं.
रेझिनमध्ये हार्डनर किती, बशीरभाई मापत नाहीत.
"दुपार आहे, कमी घाल." एवढंच.
मी भीतीनं जास्त घातलं.
डबा हातात तापला, धुरावला, दगड झाला.
दुसरा डबा. चारशे रुपये.
पहिला अजून पायरीजवळ आहे,
मांजर बसतं त्यावर.

वरून काजूच्या टरफलांचं तेल, दोन हात,
काळं, चिकट, बोटांची साल काढणारं.
आता गाडीत डोळे मिटले
की वाटतं, नांगर उचललाय.

सरकता दरवाजा जाळ्याच्या दोरीनं बांधलेला,
आपण ओढली तर झटक्यात सुटणारी,
खड्ड्यानं हिसकली तर न सुटणारी गाठ.
हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजतो.
ते मुद्दाम ठेवलंय. घाटात बरं पडतं.

मंगळवारी फेरीबोटीतून दाभोळला उतरलो
आणि चढावाच्या पायथ्याशी
अ‍ॅक्सिलेटर पायाखाली मेला.
केबल तुटलेली. मागे एसटी, तिच्यामागे डंपर,
पेट्यांत सुरमई, आणि ऊन साडेनऊचं.
सीट उचलली. इंजिन आमच्या बुडाखालीच असतं,
अंडी उबवावीत तसे आम्ही त्यावर बसतो.
कार्ब्युरेटरच्या दांडीला जाळं शिवायचा दोरा बांधला, तिहेरी,
टोक साईलच्या बोटाला गुंडाळलं.
"ओढ म्हटलं की ओढ. सोड म्हटलं की सोड."
"आणि काहीच नाही म्हटलं तर?"
"तर धरून ठेव."

क्लच माझा, ब्रेक माझा, वेग त्याचा.
ओढ.
ओढ, ओढ.
सोड, अरे म्हैस आहे, सोड!
ओढ.
एसटीवाला हॉर्न देऊन देऊन थकला,
वरच्या वळणावर आमचा आपोआप वाजला.

दापोलीत पोचेतो त्याच्या बोटावर निळा वळ.
चौदा वर्षांचं पोर, शाळा बुडवून आलेलं.
मूठ झाकून पेट्या उतरवत होता.
मी बघितलं, आणि बर्फाचा खडा दिला हातात.

रात्री फोन. वारा पडलेला.
"गाडी दिलीस का?"
"नाही. तळ घातला."
"पळते?"
"पळते. दोघं लागतात."

पुढं ते काही म्हणाले नाहीत.
मी धरून ठेवला.