ती नाव, ते नाव

लंडनच्या एका कचेरीत, खिडक्यांना काळे पडदे ओढून
तीन गृहस्थ फुलांच्या पुस्तकांत बोटं घालून बसले होते.
युद्धाचं दुसरं वर्ष. बोटी हव्या होत्या भराभर,
आणि बोट म्हटली की नाव आलंच.
राजे वापरून झाले होते, सेनापती झाले,
सिंह, गडगडाट, विजय मोठ्या जहाजांनी कधीच उचललेले.
या धाकट्यांना फुलं द्या, कुणीतरी म्हणालं.
चांगली फुलंही संपली.
शेवटी बोट टेकलं ते टोडफ्लॅक्सवर:
बेडकाच्या नावाचं पिवळं तण,
विटांच्या फटीत, रुळांच्या खडीत
कुणी न लावता येणारं.

टीज नदीच्या काठी ती पाळण्यातून घसरली.
हो, गोदीतसुद्धा त्याला पाळणाच म्हणतात.
पण कानात कुर्र करायला आत्या नव्हती,
आणि पोलादाला कान कुठला?
मॅनेजरच्या बायकोनं बाटली हाणली, फुटली नाही.
सगळे बुटांकडे बघू लागले.
दुसऱ्यांदा फुटली.

लंडननं नाव ठेवलं,
खलाशांनी नावं ठेवली.
ऑर्क्नीचा इस्बिस्टर, बॉयलरपाशी कोळसा ओढणारा,
म्हणाला, ‘बुडालो तर आईला काय कळवतील?
बेडकाच्या गवतावर मेला म्हणून?’
तेव्हापासून ती बेडकी.

बाहेर नाव रंगवायची बंदी. शत्रू वाचेल.
कुशीवर फक्त आकडा,
टोपीच्या फितीवरही नाव नाही.
ते उरलं एकाच जागी, पितळी घंटेवर,
विल्फ गार्बटच्या हातचं.
बारा हिवाळी फेऱ्या तिनं केल्या
आइसलंडच्या वाटेवर,
मागे चाळीस मालबोटी, समोर धुकं.
फुलासारखं तिच्यात काही नव्हतं.
डोलायची मात्र फार.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये दुरुस्तीला घरी आली,
आणि इस्बिस्टरची बायको सहा आठवड्यांची मुलगी घेऊन धक्क्यावर.
घंटा उलटी टांगली, पाणी ओतलं,
पाद्र्यानं पोरीचं डोकं भिजवलं.
बोटीवर बाप्तिस्मा झाला की नाव घंटेच्या आत कोरायचं,
ही आरमाराची जुनी रीत.
विल्फ उताणा पडून कोरत राहिला,
डोळ्यांत पितळेचा कीस.
मेरनमधला एक आर राहून गेला.

युद्ध संपलं. नॉर्वेच्या व्हेलमाऱ्यांनी ती नाव घेतली,
ते नाव घेतलं नाही.
कंपनीच्या मालकाच्या मेहुणीचं नाव दिलं तिला.
धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या:
नाव बदललेली बोट पाणी पिते.
काही प्यायली नाही.
एकोणीस वर्षं मेहुणीच्या नावानं सुखात जगली
आणि त्याच नावानं भंगारात गेली.

घंटा मागे राहिली होती, ती एका शाळेला मिळाली.
आज मेरन आली आहे,
ऐंशी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा.
वाकून डोकं घंटेत घालते. चष्मा काढते. बोटानं शोधते.
‘मिळालं का?’ सात वर्षांची नजमा विचारते,
आज दोरी ओढायची पाळी तिची.
‘मिळालं. चुकीचं आहे.’
‘मग खोडायचं?’
‘छे. ही एकच चूक आहे माझ्याजवळ बापाच्या वेळची.’

तिथेच, डोकं आत ठेवून,
ती हळूच म्हणते: टोडफ्लॅक्स.
पितळ जरासं गुणगुणतं,
आपल्यालाच हाक मारली की काय असं.
‘कुणाला सांगितलंत?’
‘तिला. कुणी नीट सांगितलंच नव्हतं.’

स्वयंपाकघरातून ओरड येते, जेवण गार होतंय.
‘आजी, डोकं काढा,’ नजमा म्हणते
आणि दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळते.