जादा प्रत

टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे
माझं बाइंडिंगचं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी लहान,
मधे एकदा पुसलेलं, परत रंगवलेलं.
आत सगळ्या भाषांना एकच डिंक.

मे महिन्यात थोकोझानी आला.
मलावीचा. उंच, दारात वाकून.
प्रबंधाच्या पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
आणि एक जादा.
"युनिव्हर्सिटी पाचच घेते की गा," मी म्हटलं.
"सहावी घरी," तो म्हणाला. मोडक्या हिंदीत,
माझ्याइतक्याच मोडक्या.

फर्मे शिवता शिवता राहवलं नाही, विचारलं:
तुमच्याकडचे आईबाप एवढे का हात धुऊन लागतात पोरांच्या मागं?
एवढ्या लांब पाठवून, एवढा पैसा ओतून?
मागच्या वर्षी तो केनियाचा, त्याच्या आधी ती टांझानियाची,
सगळ्यांचे फोन येतात इथंच, काउंटरला टेकून उभे असताना.
भाषा कळत नाही मला.
आवाज कळतो:
किती राहिलं. कधी संपणार. पुढं काय.

तो हसला. मग थांबत थांबत बोलला.
आई तळ्याकाठी सुकी मासळी विकते.
तळं केवढं? त्यानं हात पसरले,
दुकान अपुरं पडलं, खाली घेतले.
एका वर्षी फी भरायला घराचे पत्रे उतरवले,
निम्मे.
पावसात सगळे उरलेल्या निम्म्याखाली झोपले.
"का म्हणून विचारलं नाहीस तिला?"
"विचारलं. म्हणाली, पत्रा गंजतो."

मी कटिंग मशीनचा दांडा ओढला.

माझा बाप वडगावात मागावर बसायचा.
कचेरीत एकदा त्याच्या हातात कागद दिला, कन्नड.
वाचता येईना, तर खिडकीतला म्हणाला, मागं हो.
बाप मागं झाला.
चार वाजेपर्यंत मागंच होता.
घरी येऊन चकार शब्द नाही,
दुसऱ्या दिवशी मला शिकवणीला घातलं, कन्नडच्या, इंग्रजीच्याही,
आणि रात्री माग थांबला की विचारायचा,
किती राहिलं?
बारावी सायन्सला मी दोनदा गेलो, दोनदा आपटलो.
ओरडला नाही.
माग विकून हे मशीन घेऊन दिलं.
लिहायला नाही जमलं, म्हणाला,
तर लिहिलेलं शिव.

"आणि हे?"
थोकोझानीनं काउंटरवरचा फॉर्म उचलला.
कस्तुरीचा. एमएस्सी, धारवाड.
ती म्हणते बास झालं, बँकेची परीक्षा देते.
मी म्हणतो भर.
सहीची जागा सोडून बाकी मीच भरलाय.
तो काही बोलला नाही, फॉर्म होता तसा ठेवला,
वर माझी पट्टी ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

सहाव्या प्रतीवर नाव कुणाचं?
आईचं, म्हणाला. एस्नार्ट.
वाचता येतं तिला?
नाही.

टाइप जुळवले. तापू दिले.
एकाच जागी तीनदा दाबले,
सोनं पसरलं थोडं, कडेला डाग पडला, पडू दे,
अक्षरं रेक्झिनमध्ये खोल बसली पाहिजेत.
डोळे मिटून बोट फिरवलं.
कळतं की.

पैसे सहाही प्रतींचे घेतले.
धंदा आहे.

रात्री कस्तुरी डबा घेऊन आली.
फॉर्म पट्टीखाली तसाच.
तिनं वरची धूळ झटकली, नुसती धूळच.
"आप्पा, तुम्हाला तर वाचता येतं.
तुम्हाला कोण म्हणालं, मागं हो?"

शटर अर्ध्यावर होतं.
मी किल्ली शोधत राहिलो,
या खिशात, त्या खिशात.
हातातच होती.