घासाघीस

कास्त्रोच्या इस्पितळातल्या त्या पोरीनं
एक कागद दिला: तुमची बलस्थानं लिहा.
पाच रेघा, पाचही रिकाम्या.
पोर चांगली आहे, नखं कुरतडलेली,
सान्तियागोहून आलेली, इथल्या थंडीला अजून बिचकते.
मी विचारलं, बलस्थान म्हणजे गं काय?
म्हणाली, आजारानं जे नेलं नाही ते.

मग मोजदाद केली.
मूत्रपिंडं गेली, दोन्ही.
होडी विकली.
मीठ गेलं. पाणी दिवसाला अर्धा लिटर,
त्यातच कॉफी, त्यातच सूप, त्यातच गोळ्या गिळायच्या,
आणि चहूकडे समुद्र. हसू येतं कधीकधी.
बटाटेसुद्धा गेले, आणि मी चिलोएची,
जिथं जांभळा, काळा, बोटासारखा वाकडा,
एकेका बटाट्याला वेगळं नाव.
आता सोलायचा, चिरायचा, रात्रभर भिजवायचा,
दोनदा उकळून पाणी फेकायचं.
उरतो तो बटाट्याचा फोटो.

मी ओतिलिया मिल्यापेल. एकेचाळीस वर्षं
धक्क्याजवळच्या बाजारात धुरावलेले शिंपले विकले,
माळा ओवून.
मला एकच गोष्ट येते.
गिऱ्हाईक तोंड फिरवून निघालं
की त्याच्या पाठीवरून कळतं मला
कितव्या पावलावर वळेल.

म्हणून यंत्राशीही तेच.
ते म्हणतं चार तास. मी म्हणते तीन.
ऐकत नाही मेलं.
बरं, चार, पण पहिल्यात मी नर्सला शिव्या देणार,
दुसरा झोपेचा,
तिसऱ्यात जुनी उधारी आठवणार, कोण किती देणं लागतं,
चौथा तुला. घे.
तहानेलाही सांगते, सहाच्या बोटीचा भोंगा होऊ दे,
मग बर्फाचा एक खडा.
भोंगा होतो.
म्हणते, आता बोट वळू दे.

पहिल्या रेघेवर लिहिलं: भाव करता येतो.
पोरीचे डोळे चमकले. भाव, म्हणजे भावना?
नाही गं बाई, दर.
आणि उरलेल्या चार रेघांचे काय देशील?

सगळेच दिवस घासाघिशीला उभे राहत नाहीत.
ऑगस्टात एकदा यास्नाची सुई चुकली,
पुन्हा टोचली, पुन्हा चुकली,
आणि मी काहीच बोलले नाही.
मुकाट पूर्ण किंमत मोजली.
यास्ना इतकी घाबरली की तिनं डॉक्टरला बोलावलं.
ताप नव्हता. काहीच नव्हतं.
घरी येऊन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले,
हाताच्या शिरेत रक्त घरघरत होतं
दुसऱ्या कुणाच्या तरी होडीचं इंजिन असल्यासारखं.

आणि आता हा रेमिहिओ.
शेजारच्या खुर्चीतला, होड्या बांधायचा.
गुरुवारी म्हणाला, पुरे झालं, मी येणार नाही.
जग सुंदर आहे वगैरे मी म्हटलं नाही.
विचारलं, कधीपासून?
आजपासून.
आजचं कसं धरतोस, सुई तर आत आहे. शनिवारपासून धर.
शनिवारपासून, म्हणाला.
पण शनिवारी मी काळे बटाटे आणणार होते, दोन किलो,
तुझ्या नातीसाठी. मग मंगळवारपासून?
त्यानं मान वळवली. फुकट?
फुकट! डोकं फिरलंय का तुझं?
भाव सांगितला. बाजाराच्या दुप्पट.
त्याचा चेहरा लाल झाला,
कितीतरी आठवड्यांनी कुठला तरी रंग आला त्यावर.
लुटारू, म्हणाला. चार तास तेवढंच म्हणत होता.

शनिवारी पहाटेची बस आली, लोक उतरले.
सहा दहापर्यंत त्याची खुर्ची रिकामी.
यास्ना मला टोचत होती, मी बाहेरच्या फरशीवरची
पावलं मोजत होते.
ही हलकी आहेत, ही बुटांची नाहीत, ही डॉक्टरची.
आयुष्यात पहिल्यांदा मला कळत नव्हतं
गिऱ्हाईक वळेल की नाही.

दारात आला. टोपी काढली नाही, बघितलं नाही.
बाही वर करत म्हणाला,
एवढा भाव अख्ख्या बेटावर कुणी घेत नाही.

मी पायानं पिशवी खुर्चीखाली सरकवली.
म्हटलं, मग बेटावर विचारून ये.